वाई : इतिहास व वास्तू

वाई : महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण, कृष्णाकाठचे तीर्थक्षेत्र आणि पेशवेकालीन घाट, मंदिरे व वाडे यांसाठी प्रसिद्ध असलेले एक छोटे नगर. लोकसंख्या सु. ३१ हजार (२००१). साताऱ्याच्या उत्तरेस सु. ३५ किमी. अंतरावर, कृष्णा नदीच्या डाव्या तीरावर ते वसले आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा डोंगरकुशीतून बाहेर पडून सपाटीला लागते, तेथे धोमनंतरची पहिली मोठी वस्ती वाईचीच होय. पश्चिमेस पसरणीचा घाट चढून पाचगणी व महाबळेश्वरकडे रस्ता जातो. वायव्येस पांडवगड व आग्नेयेस वैराटगड हे किल्ले आहेत. परिसरात ऊस व हळद ही पिके महत्त्वाची असून वाईची हळदीची बाजारपेठ जुनी आहे.

कृष्णामाहात्म्यात या स्थानाचा उल्लेख वैराजक्षेत्र असा येतो. महाभारतातील विराटनगरी ती हीच, अशी स्थानिक समजूत असून पांडवगड व वैराटगड ही नावे तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केली जातात. विराटनगरीचा मान सांगणारी गावे भारतात अनेक आहेत आणि पांडवांचा मुक्काम न झालेला डोंगर महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. या समजुतीस ऐतिहासिक आधार नाही. वाईच्या परिसरातील प्राचीन वस्तीचा खरा पुरावा नगरात नसून उत्तरेस काही किमी. वरील लोहारे गावाजवळच्या लेण्यांत आहे. ही लेणी हीनयान पंथीय बौद्धांची असून मऊ खडकात साधेपणाने कोरलेली आहेत. त्यांतील स्तूपाला पुढील काळात शिवलिंगाचे रूप मिळाले आणि पालपेश्वर या नावाने त्याची पूजा होऊ लागली. कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटांलगत अशी लहानमोठी लेणी सह्याद्रीत सर्वत्र आढळतात, त्याच मालिकेत लोहाऱ्याची गणना करावी लागते. पांडवगड व वैराटगड हे किल्ले पन्हाळ्याच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याने बारावे शतक संपण्याच्या सुमारास बांधले, असे मानतात.

यानंतरच्या काही शतकांत वाईचे महत्त्व प्रामुख्याने लष्करी व प्रशासकीय होते. आदिलशाही अमलात वाई हे सुभ्याचे ठाणे होते. सु. १६४९ पासून अफझलखान या सुभ्याचा कारभार पाहत असे. त्यामुळे १६५९ मध्ये छ. शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या खानाने तळ देण्यासाठी वाई निवडली, यात नवल नाही. मुलूख, वाटा व देशमुख मंडळी त्याच्या परिचयाची होती. येथूनच तो जावळीच्या खोऱ्यात उतरला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. वाई तत्काळ महाराजांच्या ताब्यात आली आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी मराठ्यांची धाव पन्हाळ्यापर्यंत पोहोचली. पुढे १६८७ मध्ये मोगलांचा सरदार सर्जाखान याच्याशी वाईजवळ झालेल्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते धारातीर्थी पडले. संभाजी महाराजांच्या सैन्याची ही हानी पुढे भरून निघाली नाही.

एवढा इतिहास असूनही या काळातील एकही उल्लेखनीय इमारत वाईत दृष्टीस पडत नाही. ही गोष्ट पाहणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. वाईचे क्षेत्र प्राचीन आहे, नगर मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. नदीवरील पायऱ्या, शिखरे, दीपमाळा आणि गल्ल्यांमधून उरलेले वाडे यांचा सर्वसाधारण प्रवासी ‘फार प्राचीन’ म्हणून उल्लेख करतो. त्यांतील प्रमुख वास्तू पन्नास वर्षांच्या आत, आणि बऱ्याचशा एकाच घराण्याच्या खर्चाने, उभ्या राहिल्या आहेत.

हे घराणे म्हणजे रास्ते. त्यांचे मूळ आडनाव गोखले असून ते कोकणातील वेळणेश्वरचे. ‘नाईक’ ही उपाधी त्यांच्या सावकारीशी निगडित होती. ‘रास्ते’ हे नाव सचोटीबद्दल मिळाले, असे परंपरा सांगते. वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई हिचा विवाह बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्याशी झाला आणि या विवाहाने घराण्याचे भाग्य उजळले. विश्वासराव, माधवराव व नारायणराव हे तिचे पुत्र. सावकारीला सरदारकीची जोड मिळाली, घोडदळाचे सरंजाम आले आणि कर्नाटकाच्या मोहिमांत रास्त्यांची पथके दिसू लागली. पुण्यातील रास्ता पेठ याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते. तथापि पुण्यात मोठमोठ्या सरदारांच्या गर्दीत रास्ते हे अनेकांपैकी एक होते, वाईत ते एकटेच होते. क्षेत्राचे पावित्र्य, नदीचा काठ, जवळचा दगड आणि पेशव्यांच्या सोयरिकीमुळे आलेला पैसा या चार गोष्टी येथे एकत्र आल्या.

रास्त्यांच्या मंदिरांपैकी काशीविश्वेश्वराचे मंदिर १७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. भोवती प्राकार, प्राकारात प्रवेशद्वार, आत दोन दीपमाळा, स्वतंत्र मंडपात नंदी, त्यापुढे सभामंडप व गर्भगृह अशी त्याची मांडणी आहे. काळ्या गुळगुळीत दगडाचा नंदी हे या मंदिराचे भूषण होय. त्याच्या गळ्यातील घंटांच्या माळा व अंगावरील अलंकार इतके बारकाईने कोरले आहेत की, मंदिराच्या साध्या भिंतींपुढे ते विशेष उठून दिसतात. पेशवेकालीन मंदिरवास्तूचा हा एक स्थायीभाव आहे. यादवकालीन मंदिराप्रमाणे भिंतीचा प्रत्येक हात मूर्तींनी भरून टाकण्याची हौस या काळाला नव्हती. तासीव दगडांच्या सपाट भिंती, त्यांवर कमानी, वरती विटा व चुन्याचे शिखर आणि शिखरावरील कोनाड्यांत गिलाव्याच्या मूर्ती, एवढ्यावर तो भागवतो. कोरीव कामाचे कौतुक असलेल्या अभ्यासकांनी या शैलीकडे बराच काळ दुर्लक्ष केले, ते अन्यायाचे होते. भिंतीची घडण, दगडांचे सांधे आणि इमारतीचे नदीशी असलेले नाते यांत या वास्तुकारांचे कसब आहे.

या कसबाचे सर्वोत्तम उदाहरण विश्वेश्वराच्या शेजारीच आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले महागणपतीचे मंदिर ‘ढोल्या गणपती’ या नावाने सर्वतोमुखी झाले आहे. ढोल्या म्हणजे स्थूलकाय. एकाच पाषाणातून घडविलेली बैठी गणेशमूर्ती गाभारा भरून टाकील एवढी मोठी असल्याने लोकांनी तिला हे घरगुती नाव दिले आणि ते मूळ नावावर मात करून राहिले. मंदिराचे शिखर वाईतील सर्व शिखरांत उंच आहे. मंदिर थेट घाटावर, नदीच्या पुराच्या रेषेत बांधले आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते, तेव्हा पाण्याचा लोंढा प्रथम गाभाऱ्याच्या मागील भिंतीवर येतो. ही भिंत सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूस निमुळती करीत टोकाला आणली आहे. वरून पाहता तिचा आकार माशासारखा अथवा नावेच्या नाळेसारखा दिसतो. पाणी या टोकावर फाटते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. या रचनेभोवती पुष्कळ अद्भुतरम्य बोलले जाते. वस्तुतः पुलाच्या खांबाला प्रवाहाच्या बाजूने जी चोच काढतात, तीच ही युक्ती होय. अद्भुत काही असेल, तर ते एवढेच की, देवालयाच्या गाभाऱ्याला ही चोच काढण्याचे धैर्य बांधणाऱ्याने दाखविले. गर्भगृहाची मागील बाजू चौरस असावी, या रूढ संकेतापेक्षा त्याने नदीचा स्वभाव प्रमाण मानला. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीने सोसले आहेत.

या मंदिराचे वर्ष अर्थपूर्ण आहे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडला, जूनमध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले. रास्त्यांच्या घरचा जावई आणि भाचा एका वर्षात गेले. त्यानंतरच्या वर्षीच हे मंदिर पुरे झाले, यावरून त्याचे काम त्या आपत्तीच्या काळातही चालूच राहिले असले पाहिजे. पानिपताने मराठी राज्याचा कणा मोडला, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी कृष्णाकाठची ही बांधकामे पाहावीत. राज्याच्या खजिन्याला ओढ लागली असली, तरी सरदार घराण्यांच्या हाती पैसा होता आणि गवंडी, पाथरवट यांना काम होते. यानंतर १७७४ मध्ये विष्णूचे व १७७८ मध्ये महालक्ष्मीचे मंदिर आनंदराव रास्ते यांनी बांधले. दरम्यान १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्याचा वध झाला होता. गोपिकाबाईने तिन्ही पुत्रांचे मृत्यू पाहिले. उत्तरायुष्य तिने नाशिकजवळ गंगापूर येथे घालविले व १७८८ मध्ये ती मरण पावली.

मंदिरांइतकेच, किंबहुना अधिकच, महत्त्व घाटांना आहे. वाईच्या नदीकाठावर भीमकुंड, रामडोह, गणपती, मधली, गंगापुरी, ब्राह्मणशाही व धर्मपुरी असे सात विभाग किंवा आळ्या असून प्रत्येकीला स्वतःचा घाट आहे. नगराची रचना समजून घ्यावयाची, तर रस्त्यांचा नकाशा बाजूस ठेवून घाटांपासून सुरुवात करावी लागते. आळीतून नदीकडे जाणारी वाट घाटाच्या पायऱ्यांशी संपते, पायऱ्यांच्या माथ्यावर देऊळ असते आणि देवळाच्या मागे वाडे. आळीचे लोक आपापल्या घाटाशी एवढे बांधलेले असतात की, कृष्णाबाईचा उत्सव संपूर्ण गाव मिळून एकदाच करीत नाही. माघापासून चैत्रापर्यंत तो एकेका आळीत पाळीपाळीने होतो. घाटावर मंडप घालून नदीची देवीरूपात स्थापना करतात. कीर्तने, पुराणे व भोजने होतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी संकटनिवारणासाठी नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. नदीच्या उत्सवाला राजकीय घटनेची आठवण जोडलेली असणे, ही या परंपरेतील लक्षणीय गोष्ट होय. याशिवाय गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे सु. बारा वर्षांनी, कृष्णाकाठी कन्यागत पर्व पाळतात. असे पर्व २०१६ मध्ये आले होते.

वाईपासून काही किमी. वर, कृष्णेच्याच काठी, मेणवली हे खेडे आहे. भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधी व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये ते नाना फडणीसांना दिले. नानांनी तेथे वाडा, घाट आणि शिव व विष्णू यांची मंदिरे उभारली. सहा चौकांचा हा वाडा, त्याच्या मागील दाराने उतरणाऱ्या पायऱ्या आणि खाली चंद्रकोरीसारखा वळलेला घाट हे एकाच कल्पनेतून निघालेले काम दिसते. वाईत अनेक हातांनी जे पन्नास वर्षांत घडले, ते येथे एका माणसाने एकदम योजले. घाटावरच्या शिवमंदिरापाशी पंचधातूची एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आणण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील व भीमाशंकर येथील घंटांची कथा हीच आहे. मेणवलीच्या घंटेवरील आकृती कोणी खरवडून काढली नाही, हेही नोंदविण्यासारखे आहे.

मेणवलीचे वास्तव्य नानांना निव्वळ विश्रांतीचे नव्हते. १७९६ मध्ये पुण्यातील राजकारण उलटले, तेव्हा ते सातारा, वाई असे करीत कोकणात महाडकडे निसटले. त्या धावपळीत कृष्णाकाठचा हा मुलूख त्यांना आसरा म्हणून उपयोगी पडला. १८०० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. इंग्रजी अमलात त्यांची पत्नी जिऊबाई मेणवलीस राहत असे. नानांच्या कारभाराचे कागद याच वाड्यात राहिले. द. ब. पारसनीस यांच्यामुळे हे ‘मेणवली दप्तर’ अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. उत्तर पेशवाईच्या अभ्यासाला या दप्तराचा मोठा आधार आहे. एका लहान खेड्यातील घर पडले असते, तर एका राज्याच्या अखेरच्या पर्वाचा बराचसा पुरावा त्याखाली गेला असता.

रास्त्यांचे वैभव मात्र पेशवाईच्या अगोदरच मावळू लागले होते. दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्या जहागिरीवर जप्ती आणली. १८१८ नंतर वाई सातारच्या छत्रपतींच्या राज्यात राहिली व १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर ब्रिटिश मुलुखात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाला, तो पूर्वेकडून वाठारवरून गेला. महाबळेश्वरला जाणारे प्रवासी वाठारला उतरून वाईवरून पुढे जात. वाई हा एक टप्पा राहिला, मुक्काम झाला नाही. पुणे-बंगळूर रस्ताही सुरूरवरून, नगरापासून दूर गेला. आजवर नदीकाठ जवळजवळ अखंड राहिला, याचे श्रेय ज्या कारणांना द्यावे लागते, त्यांत ही उपेक्षा प्रमुख आहे.

या संथ काळात वाईने विद्येचे केंद्र म्हणून दुसरा लौकिक मिळविला. वैदिक व शास्त्री घराण्यांची परंपरा येथे जुनीच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळेच्या रूपाने तिला नवे वळण दिले. विनोबा भावे १९१७ मध्ये येथे अध्ययनासाठी राहिले होते. धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या वास्तव्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यही वाईतच सुरू झाले व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला.

मंदिरे व घाट टिकले, तसे वाडे टिकलेले नाहीत. येथील वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, भिंती दगड, विटा व मातीच्या, आणि सारा भार सागवानी खांब व तुळयांवर असे. दिंडी दरवाजातून देवडी, देवडीतून चौक, चौकाभोवती सोपे, आत माजघर व देवघर, वर माडी, असा त्याचा क्रम. सुरूच्या घाटाचे खांब, त्यांवरील लाकडी महिरपी आणि दरवाजावरील गणेशपट्टी ही त्याची शोभा. मुठाभर श्रीमंत वाड्यांत चुन्याच्या गिलाव्यावर चित्रे काढलेली असत. नगराबाहेरील रास्त्यांच्या मोतीबाग वाड्यात, वाईतील काही जुन्या वाड्यांत आणि मेणवलीस अशी भित्तिचित्रे आढळतात. पौराणिक प्रसंग, देवदेवता, राजपुरुष व स्त्रिया हे त्यांचे विषय. आकृतींच्या ठेवणीत राजस्थानी कलमाची छाया दिसते, वस्त्रे, पगड्या व दागिने मात्र मराठी आहेत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला, त्याबरोबर तेथील चित्रेही गेली. त्यामुळे पेशवाईतील चित्रकलेचा विचार वाई व मेणवलीच्या भिंतींवाचून करता येत नाही.

या भिंतींचा शत्रू पूर नव्हे. पावसाळ्यात कौले सरकतात, पाणी भिंतीत मुरते, माती फुगते आणि गिलावा सुटतो. ज्या घरात माणसे राहतात, तेथे दरवर्षी कौले चाळली जातात व भिंत वाचते. घर बंद पडले की, चार-दोन पावसाळ्यांत तुळईचे टोक कुजते. वारसांत वाटण्या होऊन चौकाच्या मधोमध भिंत उठते, दुरुस्तीला कोणी एक धनी उरत नाही. पाडलेल्या वाड्याच्या सागवानाला किंमत येते, जागेला त्याहून अधिक येते. मंदिराला पुजारी, उत्सव व भाविक यांचे पाठबळ असते, तसे घराला नसते. अनेक आळ्यांतून काँक्रीटच्या इमारतींच्या मधून एखादेच जोते अथवा दगडी चौकट आता मागे राहिलेली दिसते. घाटांचीही स्थिती सर्वस्वी पूर्वीसारखी नाही. वरच्या बाजूस धोमचे धरण झाल्यापासून कृष्णेचे पाणी धरणातून सोडण्यावर अवलंबून राहते. ज्या वाहत्या पाण्यासाठी पायऱ्या बांधल्या, ते कोरड्या महिन्यांत पुष्कळदा त्यांच्यापासून दूर जाते आणि उरलेल्या डोहांत नगराचे सांडपाणी मिसळते. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी वाई व मेणवलीचे घाट एकविसाव्या शतकात सर्वपरिचित झाले. त्यामुळे प्रवाशांची वर्दळ वाढली. ती प्रामुख्याने गणपतीचे मंदिर व मेणवलीचा घाट यांपुरती राहते.

धोम येथे, धरणाच्या खालच्या अंगास, नृसिंह व शंकर यांची मंदिरे असून तेथील नंदी दगडी कुंडातील कासवाच्या पाठीवर बसविलेला आहे. कुंडात पाणी असते तेव्हा कासव नंदीला घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. कुंड कोरडे असले, तर पाषाणाचे जोड व कासवाच्या पाठीवरील रेषा स्पष्ट पाहावयास मिळतात.